नागपुरात कॉलेजला आलात? अभ्यास, पुढाकार आणि समाजकार्य यांची सांगड कशी घालायची

गोंदिया, भंडारा, वर्धा, काटोल, उमरेडकडून दरवर्षी नवी पोरं-पोरी नागपुरात उतरतात, तेव्हा त्यांच्या गाठीशी दोन सल्ले असतात. घरचे सांगतात, "फक्त अभ्यास कर, बाकी भानगडीत पडू नको." रूमवरचा सीनियर सांगतो, "अभ्यास काय बे, शेवटच्या महिन्यात होऊन जाते. पहिले ओळखी वाढव." दोघांचंही मनावर घेऊ नका. मी कॉलेजात शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही बघते. तीन वर्षांत खरोखर बदललेली मुलं मी पाहिली आहेत ती एकाच प्रकारची: त्यांनी एक काम धरलं, ते तडीस नेलं आणि त्याच कामातून अभ्यास, पुढारपण नि समाजाची ओळख या तिन्ही गोष्टी वसूल केल्या. दहा ठिकाणी नाव नोंदवणाऱ्यांकडे शेवटी फक्त प्रमाणपत्रं उरतात. ते काम कसं धरायचं, हे पुढे क्रमानं सांगते.

पहिला महिना कागदांचा

सुरुवात कंटाळवाणी आहे, पण इथे चुकलात तर वर्षभर बाबूंच्या खिडकीपुढे उभे राहाल. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन क्रिमिलेयर, अधिवास प्रमाणपत्र, टीसीची प्रत या सगळ्यांच्या झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्पष्ट फोटो ठेवा. महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज स्वतः भरा; नेट कॅफेवाल्या दादाला भरायला दिलात तर पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी शोधाशोध होते. शिष्यवृत्तीचे पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बँक खातं आधारशी जोडलेलं नसणं. ते बँकेत जाऊन तपासून घ्या.

वसतिगृह मिळालं नाही तर हातपाय गाळू नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. दोन्हींत बाहेर राहण्या-जेवण्यासाठी थेट खात्यात पैसे मिळतात. दीक्षाभूमी रस्त्यावरच्या सामाजिक न्याय भवनात एकदा चक्कर मारा. समाजकल्याणची माहिती तिथे मिळते, आणि ओबीसी, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी काम करणाऱ्या महाज्योतीचं मुख्य कार्यालय तर नागपुरातच आहे. वेगवेगळ्या परीक्षांचं मोफत प्रशिक्षण या संस्थेकडून मिळतं, आणि दारात असूनही कित्येकांना त्याचा पत्ता नसतो.

आणखी एक. नव्या शैक्षणिक धोरणात सगळा हिशोब क्रेडिटचा आहे. साधारण १५ तास वर्गात बसलात की एक क्रेडिट, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. ही क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, म्हणून डिजिलॉकरमधून तो आयडी काढून घ्या. यात तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की सहअभ्यासक्रम उपक्रम, क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांनाही आता क्रेडिट आहेत. म्हणजे गावात जाऊन केलेलं काम 'अभ्यास सोडून केलेलं' राहिलेलं नाही. तुमच्या कॉलेजात कोणत्या सत्रात काय मोजतात, ते पहिल्याच महिन्यात विभागप्रमुखांना विचारा.

अभ्यासाची घडी

७५ टक्के हजेरीचा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि नोव्हेंबरमध्ये सगळ्यांनाच आठवतो. तो पाळा, एवढंच सांगते.

खरा प्रश्न वेगळा आहे. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली पोरगी पहिल्या दिवशी बीएस्सीच्या वर्गात बसते आणि तासभर इंग्रजी अंगावर येतं. तिला वाटतं, बाकी सगळ्यांना समजतंय. तसं नसतं, बाकीचेही मान हलवत असतात. अशा मुलींना मी एक साधी पद्धत सांगते. वहीचं डावं पान रिकामं सोडायचं. वर्गात उजव्या पानावर जसं ऐकू येईल तसं लिहायचं, शब्द चुकला तरी चालेल. त्याच संध्याकाळी डाव्या पानावर तोच मुद्दा आपल्या भाषेत लिहायचा, अगदी रूम पार्टनरला सांगतोय असा. जिथे डावं पान लिहिता येत नाही, तिथे आपल्याला समजलेलं नाही. तेवढंच दुसऱ्या दिवशी सरांना विचारायचं. दोन-तीन महिने हे केलं की उजवं पान आपोआप सुधारायला लागतं.

पुढची पायरी चौघांचा गट. विषयाचे युनिट वाटून घ्या. ज्याच्याकडे जे युनिट, त्याने ते बाकी तिघांना फळ्यापुढे उभं राहून शिकवायचं. रिकामा वर्ग मागितला तर कॉलेज सहसा नाही म्हणत नाही. चार लोकांपुढे उभं राहून चुकण्याची सवय इथेच लागते, आणि पुढे ग्रामसभेत बोलायची वेळ येते तेव्हा तीच उपयोगी पडते. वक्तृत्वाच्या शिबिराला पैसे भरण्याआधी हे करून बघा.

जुन्या प्रश्नपत्रिका कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतात. इंटर्नलचे मार्क फुकटचे समजू नका; वेळेवर दिलेलं सबमिशन पुढे एटीकेटी (विषय राहिलेला असताना पुढच्या वर्गात जाणं) वाचवतं. रूमवर गर्दी असेल तर अभ्यासिका शोधा. नागपुरात गल्लोगल्ली आहेत, पण पैसे भरण्याआधी दुपारी दोन वाजता जाऊन बसून बघा. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याखालच्या अभ्यासिकेत त्या वेळी पुस्तक उघडवत नाही.

नाव कुठे द्यायचं

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ ला गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर, असा तिचा साचा आहे. आपलं विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या नावाला शोभेल असं काही करायचं तर हीच सर्वांत सोपी वाट. गावातल्या घरात पाय ठेवायचा असेल तर इथे या.

एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, वेगळी. तिथे परेड, वेळ आणि शिस्त आधी. दुसऱ्या वर्षी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा असते. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर 'सी' प्रमाणपत्र सोन्याचं आहे: पदवीला ५० टक्के आणि प्रमाणपत्राला किमान 'बी' श्रेणी असेल तर विशेष प्रवेशातून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला जाता येतं. ज्याला पहाटे उठवत नाही त्याने मात्र मित्र गेला म्हणून जाऊ नये.

याशिवाय नाटक, खेळ, वाद-विवाद मंडळं, विषयांच्या असोसिएशन आहेतच. माझं मत विचाराल तर एक मुख्य आणि एक गंमतीसाठी, यापलीकडे जाऊ नका.

पहिलं वर्ष : सतरंज्या उचला

नवीन मुलांना माइक हवा असतो. पहिल्या वर्षी माइक मागू नका, वही मागा. कोण आलं, कोण नाही, कुणाचा फोन नंबर, चहाचं बिल कुणी दिलं, बॅनर कुठे ठेवलं, हे ज्याच्या वहीत आहे त्याच्याशिवाय कोणतीही टीम चालत नाही. सहा महिन्यांत सीनियर आपणहून त्याला विचारायला लागतात. आणि कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या कोण उचलतंय, हे शिक्षकांना दिसत असतं. आम्ही बोलत नाही, पण लक्षात ठेवतो.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे पत्र लिहिणं. समजा तुम्हाला तलावाच्या काठची सफाई करायची आहे. पोरं उत्साहानं जातात, तीन तास राबतात, पोत्यांचा ढीग करतात, फोटो काढतात आणि निघून येतात. ढीग तिथेच. दोन दिवसांत कुत्री आणि वारा त्याची पूर्वीसारखी व्यवस्था लावतात. हे टाळायचं तर आधी महापालिकेच्या त्या भागाच्या झोन कार्यालयात पत्र द्या. नागपुरात असे दहा झोन आहेत. आपला तलाव कोणत्या झोनमध्ये येतो ते विचारून घ्या. पत्रात पाचच गोष्टी हव्यात: तारीख आणि वेळ, नेमकी जागा, किती विद्यार्थी, काय हवं (कचरागाडी, हातमोजे, फावडी), आणि संपर्कासाठी एकच नंबर. प्राचार्यांची सही आणि कॉलेजचा शिक्का घ्या. दोन प्रती न्या, एक तिथे द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून परत आणा. ही पोच नसेल तर चार दिवसांनी "असं पत्र आलंच नाही" ऐकायची तयारी ठेवा. आदल्या दिवशी दुपारी फोन करा आणि गाडी कोण आणणार त्याचा नंबर मागून घ्या.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, यात नेतृत्व कुठे आलं? यातच आहे. साहेबाशी न घाबरता आणि उर्मटपणा न करता बोलणं, नाही म्हटलं तर कारण विचारणं, परत जाणं. अठराव्या वर्षी हे जमलं तर पुढे नोकरीच्या मुलाखतीत तुमचे हात थरथरत नाहीत.

सात दिवसांचं शिबिर

हिवाळ्यात दत्तक गावात शिबिर लागतं. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. शाळेच्या वर्गात झोपायचं, थंड पाण्यानं आंघोळ. घरी कधी भांडं न घासलेली पोरं इथे पन्नास जणांचं पिठलं ढवळतात.

गावात गेल्यावर पहिल्या दिवशी खोदायला लागू नका, आधी ऐका. एका गावात आम्ही सांडपाणी मुरवायच्या शोषखड्ड्याची जागा बघत होतो, तर ओसरीवर बसलेल्या आजी म्हणाल्या, "मांगच्या वर्सी बी पोट्टे आल्ते. गड्डा खोदला, फोटू काढले अन् गेले. त्यात माही बकरी पडली नं बापा!" मुलं हसली, पण त्या रात्रीच्या बैठकीत ठरलं की दहा खड्डे खोदण्याऐवजी चारच करायचे आणि चारही पूर्ण भरून जायचं.

शोषखड्डा म्हणजे फार मोठं शास्त्र नाही. जमिनीत पाणी मुरतंय का ते आधी बघायचं. काळ्या चिकट मातीत पाणी लवकर मुरत नाही, तिथे गावातल्या मिस्त्रीला विचारूनच जागा आणि खोली ठरवायची. साधारण मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा, विहिरीपासून आणि घराच्या पायापासून दूर. तळाला मोठे दगड, वर मध्यम, त्यावर गिट्टी. सांडपाणी आत येतं तिथे बुडाला भोक पाडलेलं मडकं बसवायचं आणि त्यात नारळाची शेंडी किंवा काड्या भरायच्या, म्हणजे भाताची शितं, खरकटं, केस तिथेच अडकतात. हे मडकं अधूनमधून साफ करायला लागतं. ते कोण करणार, हे त्या घरच्या बाईशी बोलून ठरवल्याशिवाय कुदळ उचलायची नाही, कारण शिबिर संपल्यावर खड्डा तिच्याच अंगणात राहणार असतो.

याच गावात सर्वेक्षण करा, आणि इथे अभ्यास नि समाजकार्य एकत्र येतात. भूगोलवाल्याने विहिरींच्या पाण्याची पातळी मोजावी, अर्थशास्त्रवालीने कापूस-सोयाबीनच्या कर्जाचा हिशोब मांडावा, रसायनशास्त्रवाल्यांनी पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत आणावेत. लोकांना आधी सांगा की नाव कुठे छापलं जाणार नाही, आणि निष्कर्ष हाती आले की ते ग्रामपंचायतीत जाऊन सांगा. चांगली माहिती गोळा झाली तर त्यातून 'आविष्कार' या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर तयार होऊ शकतं. तिच्यात पदवीच्या मुलांसाठी वेगळा गट असतो, आणि मानव्यविद्या, वाणिज्य, शेती, विज्ञान अशा शाखाही वेगळ्या. इंटरनेटवरून उचललेल्या विषयापेक्षा स्वतः दारोदार फिरून आणलेले पन्नास घरांचे आकडे परीक्षकांपुढे जास्त बोलतात.

शहरातलं काम

गावाला जाणं जमत नसेल, आईवडिलांची परवानगी नसेल, तर शहरात काम कमी नाही. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक होते. पावसात तुटकी बादली लाथाडणाऱ्या वस्तीतल्या पोरांना बघून त्यांनी झोपडपट्टी फुटबॉल उभं केलं. त्यांना त्यासाठी दूर कुठे जावं लागलं नाही, ती पोरं इथलीच होती.

रक्तदानाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण कॉलेजात सर्वांत जास्त हेच होतं आणि सर्वांत जास्त घाईत होतं. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. थॅलेसेमियाची मुलंही आहेत. यांतल्या अनेकांना वारंवार रक्त लागतं. उन्हाळ्यात, परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे कॉलेजं ओस पडली की रक्तपेढ्यांत खडखडाट होतो. आणि आपण काय करतो? एखाद्या जयंतीला एकाच दिवशी मोठं शिबिर घेतो. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. म्हणून मोठ्या शिबिराऐवजी यादी करा: नाव, रक्तगट, शेवटच्या दानाची तारीख, घर नागपुरात की बाहेर. वय १८ च्या पुढे, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. मुलांमध्ये दोन दानांत तीन महिने आणि मुलींमध्ये चार महिने अंतर. मग रक्तपेढीला विचारा की तुम्हाला कधी टंचाई असते, आणि ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दहा-दहा जणांना पाठवा. हे काम छापून येत नाही. पण ही यादी तीन वर्षं नीट सांभाळणाऱ्या मुलाला मी डोळे झाकून शिफारसपत्र देते.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासूनची ही परंपरा. अन्नदान, पाणी, प्रथमोपचार यांना हात लागतातच, पण सगळ्यांत गरज असते ती वाट सांगणाऱ्यांची. संडास कुठे, पाणी कुठे, परतीची बस कुठून, ही तीन उत्तरं पाठ असलेला स्वयंसेवक हजारोंच्या उपयोगी पडतो. हरवलेली म्हातारी माणसं भेटली तर आधी बसवा, पाणी द्या, "आजी, घाबरू नका" म्हणा आणि पदराच्या गाठीत किंवा पिशवीत फोन नंबरची चिठ्ठी आहे का विचारा. तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत दोन पुस्तकं स्वतःसाठीही घ्या.

गणेश विसर्जनाला कृत्रिम टाक्यांजवळ निर्माल्य गोळा करणं, वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी शिकवणं हेही आहे. शिकवण्याचं मात्र एकच सांगते: वर्षभर जमणार असेल तरच सुरू करा. आठवडाभर येऊन गायब होणाऱ्या दादा-ताईंची त्या मुलांना पुरेपूर सवय आहे.

दुसऱ्या वर्षी जबाबदारी आली की

बैठक अर्ध्या तासाची ठेवा आणि उठण्याआधी कोण, काय, कधीपर्यंत हे वाचून दाखवा. पैशांना दोघांनी हात लावायचा, एकाने कधीच नाही. प्रत्येक खर्चाची पावती, नसेल तर कागदावर लिहून दोघांच्या सह्या. कुणी नेता "मी टी-शर्ट देतो, फक्त नाव छापा" म्हणाला तर कॉलेजला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. बैठका संध्याकाळी उशिरा ठेवू नका. हिंगणा किंवा पारडीकडे परतणाऱ्या मुली त्यामुळे गळतात आणि मग "मुली येतच नाहीत" असं म्हणायला आपण मोकळे.

सीनियर म्हणून एक पथ्य: नव्या पोराने केलेलं काम त्याच्याच नावाने सांगायचं. प्राचार्यांसमोर "हे आम्ही केलं" म्हणालात की ते पोरगं पुढच्या वेळी येणार नाही, आणि कारणही सांगणार नाही.

मार्क घसरले तर

परीक्षेच्या तीन आठवडे आधी सगळ्या उपक्रमांतून बाहेर पडायचं, हे टीमला आधीच सांगून ठेवा. एटीकेटी लागली तर एक सत्र पदावरून बाजूला व्हा आणि वही दुसऱ्याकडे द्या. यात कमीपणा काही नाही. घरच्यांपासून निकाल लपवून शिबिराला जाणारी मुलं असतात. त्यांच्या घरून फोन येतो तेव्हा पूर्ण उपक्रमाचंच नाव खराब होतं. झोप उडाली, डबा तसाच परत जातोय, कुणाशी बोलावंसं वाटत नाही असं बरेच दिवस चाललं तर ते आळसाचं लक्षण समजू नका. विश्वासातल्या शिक्षकांशी बोला, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

तिसरं वर्ष

आता तुमचं मुख्य काम म्हणजे तुमच्यावाचून अडणार नाही असं करून ठेवणं. एक फाईल बनवा: झोन कार्यालय, ग्रामपंचायत, रक्तपेढी यांचे नंबर, पोचलेल्या पत्रांच्या प्रती, हिशोब, दत्तक गावात काय अर्धवट राहिलंय त्याची यादी. दिवाळीनंतर ती दुसऱ्या वर्षाच्या दोघांच्या हाती द्या आणि एक कार्यक्रम त्यांना करू द्या. चुकतील. मधे पडू नका.

बायोडेटात 'उत्कृष्ट नेतृत्वगुण' असं लिहू नका, सगळेच लिहितात. काय केलं ते लिहा: चार शोषखड्डे, पन्नास घरांचं सर्वेक्षण, रक्तदात्यांची अद्ययावत यादी. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात आणि उत्तरं तुमच्याकडे तयार असतात.

पदवीनंतरही हे पुढे न्यायचं असेल तर विदर्भात जागा आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने २००६ पासून तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम चालवला आहे. त्यासाठी अर्ज आणि मुलाखत असते. डॉ. अभय बंग आणि हेमलकशाचे डॉ. प्रकाश आमटे हे दोघेही नागपूरच्याच मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. बाबा आमटेंच्या परंपरेतली श्रमसंस्कार छावणी मूलजवळच्या सोमनाथला मे महिन्यात भरते. तिथे जायचं ठरवलंत तर आधी विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक बघा. उन्हाळी परीक्षा कधी कधी त्याच दिवसांत येऊन बसते.